जहाजवाल्या बाबांची बहीण

ताई, भांडण अर्ध्यावर टाकून निघून जायची तुझी खोड जुनीच. फोनवर मी माझा मुद्दा जरा कुठे जमवत आणला की तिकडून तुझं ठरलेलं वाक्य यायचं, "नंदू, माझा कुकर झाला, ठेवते." सांता क्लारात तुझा कुकर व्हायचा आणि इकडे न्यू जर्सीत माझ्या तोंडाची वाफ फुकट जायची. मागच्या रविवारीही तू तेच केलंस. मी म्हणालो, "या वेळी फोन ठेवायचा नाही. दादाला आणायचं की नाही, ते आज ठरवून टाकू." तू म्हणालीस, "ठरवू रे. आधी आमटीला फोडणी घालते." आणि मंगळवारी अमेयचा फोन आला.

आता तुझ्याच स्वयंपाकघरात बसून हे लिहितोय. ओट्यावर मंडळातल्या बायकांनी आणून ठेवलेले डबे आहेत. कुणी मेथीचे ठेपले, कुणी मुगाची खिचडी, कुणी चक्क पास्ता. प्रत्येक डब्यावर नाव चिकटवलेलं, म्हणजे डबा परत जायला हवा. दुःखातसुद्धा डबे परत मागणारी ही आपली माणसं पाहून तू खुदकन हसली असतीस. अमेय मला म्हणाला, "मामा, आई वॉज व्हेरी क्लिअर. दहावं, तेरावं काही नको. जस्ट द ओशन." मी म्हटलं, बरं. तुझ्या मुलाशी इंग्रजीत भांडायची माझी ताकद नाही, आणि मराठीत तो भांडत नाही. परवा बोटीतून तुला पॅसिफिकमध्ये सोडून आलो. वारा उलटा होता, तू थोडी माझ्या कोटावर आलीस. कोट अजून झटकलेला नाही.

इथल्या लोकांना तू ठाऊक होतीस ती भूल देणारी डॉक्टर म्हणून, आणि मंडळाच्या नाटकात पडद्यामागून सगळ्यांना दटावणारी सुलभाताई म्हणून. आपल्याला एक मोठा भाऊ होता, हे फार थोड्यांना माहीत. इतकी वर्षं त्याच्याबद्दल आपण बोललो ते एकमेकांशीच, आणि बोललो म्हणजे भांडलोच. तू गेल्यावर पहिल्यांदा जाणवलं की दादाबद्दल माझ्याशी भांडू शकेल असं जगात आता कुणी उरलं नाही. बायको ऐकून घेते, अमेय मान डोलावतो. ऐकून घेणारे पुष्कळ आहेत गं. मला भांडणारं माणूस हवंय.

मधूदादा हवाई दलात बॉम्बफेकी विमानावर नॅव्हिगेटर होता. त्या विमानात दोघंच असायचे. कोट्टायमचा जोसेफ विमान उडवायचा आणि दादा त्याला रस्ता सांगायचा. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तू हसून हसून लोळली होतीस. "ज्याला मिरजेच्या बाजारातून रेल्वे क्वार्टर्स सापडत नाहीत, त्याच्या भरवशावर सरकारने विमान सोडलंय!" दादाही कमी नव्हता. म्हणाला, "आकाशात बोळ नसतात, सुलू." नकाशावर रेघा मारायला तो शाळेतली पितळी पट्टी वापरायचा. कर्कटकाने तिच्यावर "मधू" असं कोरलेलं होतं. हवाई दलाने दिलेल्या भारी भारी पट्ट्या असताना ही कशाला, असं बाबांनी विचारलं, तर म्हणाला, हिच्याशिवाय जोसेफ विमानात बसत नाही.

जोसेफ एकदा सुट्टीत मिरजेला आला होता, आठवतं? आईच्या पुरणपोळीला त्याने लसणाची चटणी लावून खाल्ली. आईने तोंडाला पदर लावला आणि आत जाऊन मनसोक्त हसून आली. मग बाहेर येऊन त्याला चौथी पोळी वाढली, चटणीसकट. तो गेल्यावर म्हणाली, "पोरगा चांगला आहे. मधूला एकटं टाकायचा नाही."

त्याच सुट्टीत दादाने आईला पहिल्या पगाराचं हिरवं इरकली लुगडं आणलं. लाल काठ आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा टोपपदर. आई ते हातावर घेऊन सगळ्या क्वार्टर्सना दाखवून आली आणि तसंच्या तसं ट्रंकेत ठेवलं. "मधूच्या लग्नात घडी मोडीन," म्हणाली. तुला ते लुगडं फार आवडायचं. एकदा नुसतं खांद्यावर घेऊन आरशात बघायचं म्हणालीस, तर आईने तेवढंही करू दिलं नाही. घडी म्हणजे घडी.

एकाहत्तरच्या लढाईत थंडीतल्या एका रात्री ते विमान सरहद्दीपलीकडे गेलं आणि परतलं नाही. तारेत "बेपत्ता" एवढंच होतं. बाबा ती तार वाचून म्हातारे झाले. आईने मात्र त्या एका शब्दाला घट्ट धरलं. बेपत्ता माणसाचे दिवस घालायचे नाहीत, फोटोला हार घालायचा नाही, सर्वपित्रीला त्याच्या नावाचं पान वाढायचं नाही. दर दिवाळीच्या आधी ती ट्रंक उपसायची, लुगड्याला ऊन दाखवायची, डांबराच्या गोळ्या बदलायची आणि घडी पुन्हा जागच्या जागी ठेवायची. तू एकदा म्हणालीस, "आई, नेस गं एकदा. घडीवर विरून जाईल." आईने ट्रंकेचं झाकण लावलं. त्यानंतर तो विषय आपल्या घरात निघाला नाही.

तू अमेरिकेत आलीस, मागून मी आलो. बाबा गेले, मग आई गेली. क्वार्टर्स केव्हाच सुटल्या होत्या. आईच्या भाड्याच्या दोन खोल्या रिकाम्या करताना मी पितळेची भांडी घेतली आणि तू ते लुगडं घेतलंस. वाटणी म्हणायची तर एवढीच.

आणि मग नसरीन. तुझ्या हॉस्पिटलातली लहान मुलांची डॉक्टर, लाहोरची. तुम्हा दोघींची मैत्री लोणच्यावरून जमली, हे तू मला शंभरदा सांगितलंस. एकदा जेवता जेवता ती सहज म्हणाली, "आपा, हमारे ननिहाल में एक जहाज़वाले बाबा हैं. औरतें मन्नत माँगती हैं, धागे बाँधती हैं. मेरी ख़ाला की बेटी उन्हीं की दुआ से हुई." तू चेष्टेने विचारलंस, हे बाबा जहाजातून आले की काय? ती म्हणाली, आलेच, हवाई जहाजातून. एकाहत्तरच्या जंगेत शेतात विमान पडलं. पहाटे गाव धावलं, तर दोघं होते, आणि वेगळे करता येतील असे उरले नव्हते. कुणी म्हणालं, दुश्मन आहेत, राहू द्या. गावचे मौलवी म्हणाले, "मय्यत दुश्मन नहीं होती. मेहमान है." आपल्या माणसांना पुरतात तसं त्यांनी दोघांना एकाच कबरीत पुरलं. पुढे कुणा बाईचं तापाने फणफणलेलं पोर तिथे निजवल्यावर बरं झालं, आणि कबरीचा मजार झाला. विमानात सापडलेली एक पितळी पट्टी मशिदीच्या कोनाड्यात ठेवली आहे, म्हणाली. तिच्यावर काहीतरी खरडलेलं आहे, पण ते गावात कुणाला वाचता येत नाही.

नसरीनच्या मामाने त्या पट्टीचा फोटो पाठवला. तू मला भलत्याच वेळी फोन केलास. मी घाबरून विचारलं, "ताई, अमेय बरा आहे ना?" तू म्हणालीस, "नंदू, दादा सापडला." त्या दिवशी तुझा कुकर झाला नाही. आपण दोघं म्हातारे फोन कानाला लावून रडलो, आणि मग तूच आधी हसलीस. "अरे, ज्याने मुंज झाल्यावर आठवड्यात जानवं खुंटीला टांगलं, तो पीर झाला रे! लोकांना पोरं देतोय! स्वतःचं लग्न जमवता आलं नाही त्याला." मला हसू येत नव्हतं. मला राग आला होता. आपला दादा, मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समधला, पत्ते खेळताना लांडीलबाडी करणारा, त्याला हिरव्या चादरीखाली घालून लोक उदबत्त्या लावतायत! मी म्हणालो, त्याला घरी आणायचं. आपल्यात पुरत नाहीत. कृष्णेच्या घाटावर त्याचं जे व्हायला हवं ते झालंच पाहिजे.

तिथून आपलं भांडण सुरू झालं.

"आणि जोसेफचं काय करायचं?" तू विचारलंस. "त्यांच्यात जाळत नाहीत. कुठलं हाड मिरजेचं आणि कुठलं कोट्टायमचं, ते तू निवडणार?"

"आता टेस्ट असतात, ताई. सगळं वेगळं करता येतं. तू डॉक्टर आहेस, तुला मी सांगायचं?"

"करता येतं रे. पण जे एकमेकांच्या भरवशावर गेले, त्यांना वेगळं करायचं कशाला?"

मी म्हटलं, भावनेने बोलू नकोस. तू म्हणालीस, बरं, व्यवहाराने बोलते. गावातल्या म्हाताऱ्यांना बाबा कोण आहेत ते माहीत आहे, तरण्यांना नाही. उद्या तू दिल्लीला अर्ज केलास की तिकडे पोलीस जाणार, टीव्हीवाले जाणार. ज्यांनी इतकी वर्षं आपला माणूस सांभाळला, त्यांच्याच मागे शुक्लकाष्ठ लावायचं? मला पटलं नाही. मग मी ते वाक्य बोललो, जे मी दरवेळी अगदी शेवटी बोलायचो. "आपला माणूस परक्या मातीत आहे, ताई." एकदा तू त्यावर शांतपणे विचारलंस, "आणि आपण दोघं कुठल्या मातीत आहोत रे?" मी काही बोलायच्या आत तुझा कुकर झाला.

तुझी सही नाही म्हणून अर्ज अडला. एका भावंडाला हवं आणि दुसऱ्याला नको, असा अर्ज कोण पुढे नेणार? वर्षं गेली. मी दरवर्षी विषय काढायचा, तू टाळायचा, हा आपला एक सणच होऊन बसला होता. मधल्या काळात आपण दुसऱ्याही एका गोष्टीवरून भांडलो, आणि ते भांडण जास्त वाईट होतं. माझ्या सईचं लग्न ठरलं. जर्सी सिटीत हॉल, नवरा मुलगा बॉस्टनचा, आणि पोरीने कुठून तरी मनात घेतलं की आजीचं हिरवं लुगडं नेसून उभं राहायचं. "बाबा, इट्स सो परफेक्ट! आजीने वेडिंगसाठीच ठेवलं होतं ना?" मला भरून आलं. आईची घडी तिची नात मोडणार, याहून चांगलं काय असणार होतं? मी मोठ्या तोऱ्यात तुला फोन केला. तू म्हणालीस, "ते नाही माझ्याकडे. दिलं मी."

"दिलं? कुणाला?"

"आहे ते बरोबर ठिकाणी आहे. तू नको काळजी करूस."

मला वाटलं, कपाट आवरताना काढून टाकलंस. जुन्या कपड्यांच्या दुकानात, नाहीतर मंडळाच्या नाटकाच्या पेटीत. मी तुला नको ते बोललो. आई तुझी एकटीची नव्हती, असंही बोललो. तू उलट एक शब्द बोलली नाहीस, आणि तुझ्या स्वभावाला ते इतकं सोडून होतं की मला तेव्हाच कळायला हवं होतं. लग्नाला आलीस, सईला भारी पैठणी दिलीस, माझ्या शेजारी उभी राहून अक्षता टाकल्यास. जेवताना माझ्या पानात स्वतःच्या पानातला जिलबीचा तुकडा टाकलास, लहानपणी टाकायचीस तसा. मी तो खाल्ला, पण तुझ्याशी बोललो नाही.

खोटं कशाला बोलू, इकडे यायला विमानात बसताना डोळे पुसत होतो तेव्हाही मनाच्या एका कोपऱ्यात विचार होता. आता अडवणारं कुणी नाही. आता भावंडांत मी एकटा. घरी गेलो की अर्ज. तुझ्या जाण्याने माझा रस्ता मोकळा झाला होता, आणि त्या मोकळ्या रस्त्याची मला भीती वाटत होती.

काल दुपारी नसरीन आली. जर्द्याचं, म्हणजे त्यांच्या केशरी गोड भाताचं, मोठं पातेलं घेऊन आली, आणि त्यावर नावबिव काही चिकटवलेलं नव्हतं. तुझ्या खुर्चीकडे बघून उभीच राहिली. मी म्हटलं, बसा. ती दुसऱ्या खुर्चीत बसली. तुझं लोणचं काढून दिलं, तिने बोटभर चाटलं आणि रडायला लागली. मीही रडलो. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "नंदूभाई, उर्स आ रहा है. इस साल चादर आप देंगे?"

"कसली चादर?"

तिने लोणचं बाजूला सारलं. "आपा ने आपको बताया नहीं? बाबा की चादर. हर साल आपा ही तो भेजती थीं. मेरा कोई न कोई जाता था, उसके हाथ."

तिने फोन काढला आणि एकेक फोटो दाखवू लागली. शेताच्या कडेला शिसवीचं झाड, झाडाखाली चुन्याने रंगवलेला ओटा, भोवती धागे, मातीच्या पणत्या. दरवर्षी नवी चादर, जरीच्या कडेची, चकचकीत. एक म्हातारा दात काढून हसतोय, तो नसरीनचा मामा. मी बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बघा आमच्या ताईचे धंदे, भावाला कळू न देता. मग नसरीन म्हणाली, "और ये सबसे पहली वाली," आणि फोन माझ्या हातात दिला.

ताई, पदर बघितला आणि मी ओळखलं. लाल-पांढऱ्या पट्ट्या. हिरवं अंग, लाल काठ, मधोमध उभी-आडवी घडीची खूण, इतक्या वर्षांची. आईचं लुगडं दादाच्या अंगावर पसरलेलं होतं. लांबीला जास्त झालं म्हणून एका बाजूने दुमडून नीट खोचलं होतं, पोर निजल्यावर पांघरूण खोचतात तसं. जोसेफही त्याच्याखालीच असणार. आईने चौथी पोळी वाढली होती त्याला.

मी नसरीनला विचारलं, आता कुठे आहे ते? ती म्हणाली, "वहीं है. बाक़ी चादरें बदलती रहती हैं, उसके ऊपर डालते हैं. आपा ने कहलवाया था, ये वाली कोई न हटाए, ये माँ की है."

तू मला का सांगितलं नाहीस ते मला कळतं. मी थयथयाट केला असता. आईचं लुगडं थडग्यावर घातलंस म्हणून तुला फाडून खाल्लं असतं, सईच्या लग्नावेळी खाल्लं त्याच्या दुप्पट. तू माझा राग अंगावर घेतलास आणि लुगडं तिथेच राहू दिलंस. जन्मभर माणसांना अलगद भूल दिलीस, त्यांना दुखू नये म्हणून जवळ बसून राहिलीस, आणि मला मात्र नुसता कुकर ऐकवलास. सांगून बघायचं होतंस गं. एक-दोन महिने धुमसलो असतो. मग फोन केलाच असता. मग आपण दोघांनी मिळून दुकानात जाऊन चादर निवडली असती आणि तिच्या रंगावरून भांडलो असतो. ते भांडण मला हवं होतं. त्याची आस आता जायची नाही.

या वर्षीची चादर मी देणार आहे, नसरीनला तसं सांगितलं. ती म्हणाली, रंग कोणता? मी म्हटलं, विचारून सांगतो. बोलून गेल्यावर दोघांच्याही लक्षात आलं, आणि दोघंही तुझ्या खुर्चीकडे बघत बसलो.

तू जिंकलीस असं मात्र समजू नकोस. कृष्णेच्या घाटावर दादाला नेता आलं नाही, हे मला शेवटपर्यंत सलत राहणार, आणि वर भेटलीस की पहिलं वाक्य मी त्यावरच बोलणार आहे. पण आईने दादाच्या लग्नासाठी राखलेली घडी तू मोडलीस, ती त्याच्याच अंगावर. आता त्याला घरी आणायचं तर आधी आईचं लुगडं त्याच्यावरून कुणीतरी काढायला हवं. ते माझ्या हातून व्हायचं नाही, ताई.